पिशवीचा वार

वाचक भगिनीचं पत्र:

ताई, नमस्कार. डोंबिवलीत आमचं तीन विंगचं संकुल आहे, ११२ घरं. जवळच एक छोटी संस्था धान्य बँक चालवते, साठेक गरजू कुटुंबांना महिन्याचा शिधा देते. गेल्या दिवाळीत मी ग्रुपवर आवाहन केलं आणि ७४ घरांनी मिळून २१० किलो सामान दिलं. त्या भरात मी 'आता दर महिन्याला करू' असं जाहीर करून टाकलं. तिथून उतरती कळा लागली. एप्रिलमध्ये १९ घरं उरली. येतो तो बहुतेक तांदूळ. कुणाच्या तांदळात सोंडे, कुणाच्या रव्यात जाळी. एका घरून मुदत संपून चार महिने झालेली नूडल्सची पाकिटं आली. मदतीला येणाऱ्या दोघी मुली बारावीच्या परीक्षेमुळे थांबल्या. संस्थेतून फोन आला, 'तांदूळ आता नको, ठेवायला जागा नाही.' चाळीस किलो तांदूळ माझ्या बाल्कनीत पडून आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय. त्यात सोसायटीच्या बैठकीत एक सदस्य सगळ्यांसमोर म्हणाले, 'दर महिन्याला दारोदार भीक काय मागत फिरता?' घरी येऊन रडले. नवरा म्हणतो, सोड आता. मैत्रीण म्हणते, देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे फोटो टाक, मग लोक आपोआप देतील. बंद करू का?

उत्तर:

ताई,

आधी त्या बैठकीतल्या वाक्याचं बोलू, कारण पत्रात ते शेवटाकडे आलं असलं तरी तुमच्या मनात तेच सगळ्यात वर आहे. मी ठाण्यात अकरा वर्षं धान्य गोळा करते. दुसऱ्या वर्षी एका घरी 'आत्ताच तर दिलं होतं' एवढं ऐकवून माझ्या तोंडावर दार लावलं गेलं. जिन्याच्या वळणावर रिकामी पिशवी धरून मी उभी राहिले. वर जावं की खाली, सुचेना. वरच्या मजल्यावर दोन घरं राहिली होती म्हणून गेले. तिथल्या आजींनी मूगडाळीची पुडी बांधून चपलांच्या कपाटावर ठेवली होती. म्हणाल्या, 'आज उशीर केलास ग.' त्या वाट बघत होत्या. खालच्या घरी मी न सांगता उगवले होते आणि वरच्या घरी माझा वार ठरलेला होता, एवढाच काय तो फरक. पुढची नऊ वर्षं मी जे काही केलं ते त्या पुडीपासून सुरू झालं.

तुमच्या त्या सदस्यांशी वाद घालू नका. भेटतील तेव्हा सांगा, 'काका, तुमचं घर यादीतून काढलंय, मनात काही ठेवू नका.' आणि खरंच काढा. ज्याला द्यायचं नाही त्याला न देण्याची मोकळीक हवी. नाहीतर आपण दाराशी आलो की लोक पीपहोलमधून बघून दार उघडत नाहीत. पण त्यांच्या वैतागामागे काही खरं आहे का, तेवढं स्वतःशी तपासून बघा. तुम्ही दर महिन्याला जाता, पण कोणत्या तारखेला ते त्यांना माहीत असतं का? किती द्यायचं, काय द्यायचं, हे माहीत असतं का? पत्रावरून मला तरी वाटतं की नसावं. दर वेळी नवं आवाहन, नवा मेसेज, नवी आर्जवं. देणाऱ्याला दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं आणि त्याचाच माणसाला कंटाळा येतो. एक किलो डाळ जड वाटत नाही हो कुणाला.

तेव्हा बंद करू नका, पद्धत बदला.

७४ वरून १९ झाले म्हणून तुम्ही खचला आहात. मला ते १९ मोलाचे वाटतात. दिवाळीत हात सैल असतो, घरं आवरून झालेली असतात, फडताळातलं जास्तीचं बाहेर निघतं. ते ७४ सणाचे होते. कुणी ढकलत नसताना सहाव्या महिन्यातही ज्यांनी दिलं, ते तुमचे. त्या १९ घरांनी महिन्याला एकेक किलो डाळ दिली तर १९ किलो होते. चार-पाच माणसांच्या घरात दोन किलो डाळ पुरवून पुरवून महिना काढते. म्हणजे नऊ घरांच्या डाळीचा प्रश्न दर महिन्याला सुटला. त्याला कमी म्हणू नका.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. ज्या घरचा सोमवार असे, त्या घरी सोमवारी एक पान जास्तीचं मांडलं जाई. बाकीचे सहा दिवस त्या बाईला त्याची काळजी नसे. ठरलेलं आणि थोडं, ह्या दोन गोष्टींवर कितीजण शिकून गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे वसतिगृहांतल्या मुलांच्या जेवणासाठी घरोघरून मूठमूठ धान्य जमवलं जाई, त्याला मुष्टिफंड म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते सांगताना आजही माझा गळा भरून येतो. पण मला त्या मुठीचंही तितकंच वाटतं. दागिने एकदाच मोडता येतात. मूठ रोज निघते, आणि ज्या घरात स्वतःलाच बेताचं आहे त्या घरातूनही निघते.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात ॲशलंड नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या लोकांनी २००९ मध्ये असंच सुरू केलं. प्रत्येक घराला एक हिरवी पिशवी. घरच्या वाणसामानाबरोबर एखादी टिकाऊ वस्तू जास्तीची घ्यायची आणि त्या पिशवीत टाकत राहायची. दर दोन महिन्यांनी ठरलेल्या शनिवारी शेजारचाच माणूस भरलेली पिशवी नेतो आणि रिकामी ठेवून जातो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजींची चपलांच्या कपाटावरची पुडी आठवली. मी ॲशलंडची पिशवी उचलली, वार आपला होताच.

तर पहिलं काम, तारीख. आमचा दुसरा रविवार असतो, सकाळी साडेनऊ ते अकरा. पहिल्या आठवड्यात पगार झालेले असतात, किराणा भरलेला असतो. महिनाअखेरीला जाल तर घरातलेच डबे तळाला गेलेले असतात. एकदा दिवस ठरला की लग्न असो, मॅच असो, मुसळधार पाऊस असो, बदलायचा नाही. तुम्ही गावाला गेलात तर दुसऱ्या कुणीतरी जायचं, पण रविवार चुकवायचा नाही. दोनदा चुकला की लोक पिशवी कपाटात टाकतात आणि ती परत बाहेर येत नाही.

दुसरं काम, पिशव्या. विकत आणू नका. जुन्या चादरी आणि पडदे मागा, कुणाकडे तरी शिलाई मशीन असतंच. पाच किलो मावेल एवढी, बंद लांब, म्हणजे दाराच्या कडीला अडकवता येते. आतल्या बाजूला मार्करनं विंग आणि घराचा नंबर. बाहेरून काहीही लिहायचं नाही. ह्यामागे एक प्रसंग आहे, तो पुढे सांगते. प्रत्येक घराला दोन पिशव्या लागतात, एक घरात आणि एक फिरतीवर. भरलेली घेतली की रिकामी तिथेच अडकवायची. बेल वाजवायची गरज नाही. मात्र दार उघडं दिसलं तर दोन शब्द बोला. मेसेजवर काम भागतं असं वाटतं, पण सहा महिने कुणाचं तोंडच दिसलं नाही की पिशवी पोरकी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संस्थेनं 'तांदूळ नको' म्हटलं, त्यानं तुम्ही दुखावलात. पण तो फोन म्हणजे तुम्हाला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला होता. जरा विचार करा, तांदूळ का नको? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य रेशनवर मिळतं, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. हे धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. ज्यांचं कार्ड आहे त्यांच्याकडे भात शिजतो. त्या भातावर घालायला काही नसतं. तूरडाळ, तेल, गूळ, साखर, चहा पावडर, तिखट, हळद, मोहरी, शेंगदाणे हे सगळं दुकानातून रोख पैशानं आणायचं. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात काय होतं आठवा. रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. ज्याचं कार्डच नाही, किंवा नाव गावाकडच्या कार्डावर आहे आणि इथे काही जमत नाही, अशांना तांदूळही लागतो. पण तो किती, ते संस्थेला माहीत असतं, आपल्याला नसतं.

आमच्या धान्य बँकेच्या खोलीत एकदा वाटपाच्या वेळी मी पाटावर बसून पिशव्या पुढे सरकवत होते. एक बाई आली, कडेवर मूल. मी तिच्यापुढे तांदळाची पिशवी ठेवली. तिनं ती हळूच माझ्याकडे परत सरकवली आणि इकडे तिकडे बघून म्हणाली, 'बाई, ह्याच्याऐवजी थोडी चहा पावडर असली तर बघा ना. सकाळी कामावर जाताना माणसं नुसतं पाणी पिऊन जातात.' ती ते मागताना इतकी संकोचली होती की मलाच अपराधी वाटलं. दोन वर्षं आम्ही तिला तांदूळ देत होतो आणि विचारलं कधीच नव्हतं.

म्हणून ह्याच आठवड्यात संस्थेत जा. फोनवर नको, वाटपाच्या दिवशी जा आणि तास दोन तास मदतीला बसा. मग तिथल्या बाईंना विचारा, ह्या महिन्यात तीन वस्तू सांगा. तीनच. त्या तीन वस्तू चिठ्ठीवर लिहून रिकाम्या पिशवीत टाकायच्या. 'काहीही चालेल' असं कधी लिहू नका. 'काहीही' म्हटलं की घरात नको असलेलं बाहेर निघतं, आणि तुमचे सोंडे आणि नूडल्स तिथूनच आलेत. आमची एक चिठ्ठी अशी होती: 'ह्या महिन्यात तूरडाळ, गूळ, गोडेतेल. तिन्हींपैकी एक, जमेल तेवढं. बंद पाकीट, मुदत पुढचे दोन महिने तरी असावी. रविवार, सकाळी साडेनऊ. नाही जमलं तर रिकामी पिशवी अडकवा, तेही चालेल.' ते शेवटचं वाक्य गाळू नका. ज्या घरी त्या महिन्यात ओढाताण आहे, त्यांना त्यानं हायसं वाटतं, आणि पुढच्या महिन्यात ती पिशवी भरून येते.

बंद पाकिटाचा आग्रह का, तेही सांगते, कारण सुट्या धान्याच्या खोड्या बाहेरून दिसत नाहीत. बऱ्याच घरी वर्षाच्या तांदळाला बोरिक पावडर चोळतात. घरच्या बाईला ते माहीत असतं, ती धुऊन घेते. ज्या घरी तो तांदूळ जातो तिथे कोण सांगणार? काही जण धान्याच्या डब्यात पारद म्हणजे पाऱ्याच्या गोळ्या टाकतात. एकदा गव्हात मला अशा चार गोळ्या सापडल्या. लहान मूल बडीशेपेची गोळी म्हणून तोंडात टाकेल, इतक्या त्या साध्या दिसतात. त्या दिवसापासून सुटं धान्य आलं तर मी परातीत ओतून हात फिरवल्याशिवाय पुढे पाठवत नाही. दुसरी खोडी म्हणजे मिसळण. एका घरचा कोलम, दुसऱ्याचा इंद्रायणी, तिसऱ्याचा बासमतीचा तुकडा असं एका गोणीत ओतलं की भात धड होत नाही. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, नवा आधीच गिचका होतो. भात बिघडला की त्या बाईला घरच्यांची बोलणी बसतात. आपण दिलेल्या गोष्टीमुळे तिला ते ऐकायला लागू नये.

मुदतीचं साधं आहे. पाकिटावर 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' असेल आणि तारीख गेली असेल तर ते कुणाच्याही तोंडी जाता कामा नये. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची तारीख असते. पण धान्य बँकेसाठी मी तीही गेलेली घेत नाही. जे माझ्या नातवाला देणार नाही ते दुसऱ्याच्या नातवाला का देऊ? त्या नूडल्सच्या घरी मात्र ग्रुपवर ओरडू नका. बहुतेक वेळा त्यांनी तारीख पाहिलेलीच नसते. पाकिटं स्वतः टाकून द्या आणि पुढच्या वेळी त्यांच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर तारखेच्या ओळीखाली पेनानं रेघ मारा. माझ्या अनुभवात एवढं पुरतं.

शिजवलेलं अन्न, लग्नातलं उरलेलं, घरचे लाडू, लोणची, ह्यातलं काहीही घेऊ नका. हेतू चांगला असतो, पण शिजलेलं अन्न गरम तरी ठेवावं लागतं, नाहीतर गार तरी, आणि वेळेत पोचवावं लागतं. ते काम करणाऱ्या संस्था वेगळ्या, त्यांची भांडी आणि गाड्या वेगळ्या. आपल्या पिशवीच्या गाडीत ते चढवू नका.

पैशालाही नाही म्हणा. लोक म्हणतील, 'आणायला वेळ नाही, हे पाचशे घ्या.' तुमच्या हातात रोकड आली की दुसऱ्या महिन्यात कुजबुज सुरू होते, मग तुम्ही कितीही स्वच्छ असा. शिवाय नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायला आपल्याकडे परवानगी लागते. गणेश मंडळं धर्मादाय आयुक्त कार्यालयातून काढतात तीच. ज्याला पैसेच द्यायचे आहेत त्याला संस्थेचा खाते क्रमांक द्या, तो परस्पर देईल आणि संस्थेची पावती घेईल. आयकरातली ८०जीची सूट पैशाच्या दानाला असते, धान्याला नाही, आणि तीही संस्थेला ती मान्यता असेल तरच. कुणी विचारलं तर स्पष्ट सांगा.

साठवण. तुमच्या बाल्कनीचं वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण माझ्याही घरात तीन वर्षं गोण्या होत्या आणि घरच्यांशी त्यावरून झालेली भांडणं मी विसरलेले नाही. धान्य घरात ठेवायचंच नाही. सकाळी गोळा, अकरा वाजता लॉबीत टेबलावर निवड आणि वजन, बारापर्यंत टेम्पो किंवा रिक्षा, जेवायच्या आधी संस्थेत. संस्था त्या रविवारी उघडी असेल असं आधीच बोलून ठेवा. त्यांना रविवार जमत नसेल तर तुमचा वार त्यांच्या सोयीनं धरा. निवड करताना दोन ढीग पहिल्या मिनिटापासून वेगळे ठेवा. एक तेलाचा, कारण एखादी पिशवी फुटतेच आणि खालचं पीठ जातं. दुसरा साबण, कपड्याची पावडर आणि उदबत्त्यांचा. साबणाचा वास चहा पावडरीत आणि पिठात असा बसतो की काही केल्या जात नाही. एकदा आमच्या वीस पुड्या चहा अशा गेल्या. साबण नाकारू नका पण. साबणाची आणि सॅनिटरी पॅडची गरज मोठी असते आणि त्या वस्तू कुणी तोंड उघडून मागत नाही.

माणसांचं बोलू. ११२ घरांमागे तुम्ही आणि दोन मुली, हे गणितच बसणारं नव्हतं. एका माणसामागे दहा-बारा दारं, त्याहून जास्त नाहीत, आणि तीही त्याच्याच मजल्यांवरची. त्याला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासाला माणूस सहसा नाही म्हणत नाही. तुम्ही 'समाजकार्यात सहभागी व्हा' असं विचारलंत तर कुणी येणार नाही. 'काका, दुसऱ्या रविवारी पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरच्या पिशव्या खाली आणाल का?' असं विचारा. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन काका आहेत. तीस वर्षं पत्रं वाटली, म्हणतात, 'आता उलटी टपाल.' त्यांना घराघरातलं माहीत असतं. कुणाकडे आजारपण आहे, कुणाची नोकरी गेली, कुठे ह्या महिन्यात पिशवी मागायची नाही. असा एक माणूस तुमच्या संकुलातही असेल. बहुधा तो बाकावर एकटाच बसलेला असतो.

आणि १९ घरांपासूनच सुरुवात करा. बाकीच्यांना आत्ता काही सांगू नका. दोन-तीन महिने कडीला पिशव्या दिसल्या की शेजारचे आपण होऊन विचारतात.

आता फोटो. मैत्रिणीनं चांगल्या मनानं सुचवलं असेल, पण अजिबात नको. घेणाऱ्यांचे तर नाहीच नाही. बाहेरून कोऱ्या पिशवीचं कारण सांगते म्हणाले होते ना, ते इथलं आहे. पिशव्या सुरू केल्या त्या वर्षी हौसेनं आम्ही त्यांच्यावर सोसायटीचं नाव छापलं होतं. संस्थेनं एकदा घाईत आमच्या पिशव्यांसकट सामान वाटलं. त्या महिन्यात आमच्याच इमारतीत तीन घरी धुणंभांडी करणारी एक बाई संस्थेच्या यादीत होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या हातात ती पिशवी लिफ्टपाशी दुसऱ्या बाईनं पाहिली. कुणी तिला काही बोललं नाही. पण पुढच्या महिन्यात ती शिधा घ्यायला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. संस्थेच्या बाईंनी घरी जाऊन समजूत काढली तेव्हा म्हणाली, 'जिथे काम करते त्यांच्याच दारातलं खाते असं नको वाटतं.' तिच्या घरात तेव्हा दोन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेला नवरा होता. ते दोन महिने त्यांनी काय खाल्लं असेल, हा विचार मला अजूनही येतो. वस्तीतल्या वस्तीत धान्य फिरतं तेव्हा घेणारी माणसं फार लांबची नसतात, ताई. तुमच्या जिन्यातून रोज वरखाली करणारीही असू शकतात. म्हणून नावं विचारायची नाहीत, यादी मागायची नाही, आणि संस्थेनं आपण होऊन दाखवली तरी बघायची नाही.

देणाऱ्यांचेही फोटो नकोत, नावांची यादीही नको. जो दहा किलो देतो तो वर जातो आणि अर्धा किलो देणारी निवृत्त बाई खाली जाते. ती मग पिशवीच अडकवत नाही. त्याऐवजी सूचना फलकावर एवढंच लिहा: पिशव्या २३. तूरडाळ १४ किलो, गूळ ६ किलो, तेल ९ लिटर. संस्थेला पोचलं, दुपारी बारा वाजता. खाली संस्थेच्या पोचपावतीची झेरॉक्स. आकडे कमी आले तर कमीच लिहा. दर महिन्याला, त्याच जागी. बैठकीत बोललेल्या सदस्यांनाही तो कागद दिसेल. आमच्याकडचं ते लावलेलं दार चौथ्या वर्षी उघडलं. मी काही बोलले नव्हते, फलक तेवढा होता.

नवऱ्याला सांगा, बाल्कनी रिकामी होतेय आणि महिन्याचा एकच रविवार, तोही जेवणापर्यंतचा. बहुधा त्यांची तक्रार धान्याबद्दल नसावी. तुम्ही रडत घरी आलात, ते त्यांना बघवलं नसेल.

राहिला चाळीस किलो तांदूळ. त्याला थांबायला वेळ नाही, पावसाची हवा सुटली की सोंडे दुप्पट होतात. उद्याच सगळ्या पिशव्या उघडा. कुबट वास येतो किंवा हाताला ओल लागते ते बाजूला काढा, ते कुणालाही देऊ नका. उरलेलं जातीप्रमाणे वेगळं करा, चाळा, पाखडा आणि सावलीत चादरीवर पसरा. कडक उन्हात टाकू नका, तांदूळ तडकतो आणि शिजताना कणी होते. बोरिक पावडरीची शंका असेल त्या पिशवीवर 'तीन-चार पाण्यानं धुवा' अशी ठळक चिठ्ठी लावा. मग जिथे रोज मोठ्या पातेल्यात भात शिजतो तिथे फोन करा: विद्यार्थ्यांचं वसतिगृह, वृद्धाश्रम, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जेवण करणारे. आधी विचारा, कोणता तांदूळ, किती, कधी आणू. तुमच्या धान्य बँकेच्या बाईंनाच विचारलंत तर त्या पत्ता सांगतील, ही माणसं एकमेकांना ओळखतात.

चाळण घेऊन बसाल तेव्हा त्या दोघी मुलींना हाक मारा. परीक्षा संपून त्यांना कधीच सुट्टी लागली असेल.